दिवसा घरी असणारी माणसं

ऑक्टोबर अर्धा सरला की आमच्या गल्लीत पानं ओढायला सुरुवात होते. माणसं कॉफीचा मग पायरीवर ठेवतात, लांब दांड्याचा पंजा घेऊन अंगणात उतरतात आणि मेपलची, ओकची पानं रस्त्याच्या कडेला लोटत नेतात. पंज्याचे दात गवतातून जाताना होणारी खरखर हा या ऋतूचा पहिला आवाज. मग येतो ओल्या पानांचा वास, चहाच्या चोथ्यासारखा, जरा तुरट, जरा मातकट. यंदा तो वास आला तेव्हा मी पोहे भिजवत होते. हात चाळणीतच राहिला आणि माझे गुडघे हुळहुळले. आठवणी डोळ्यांत येतात, नाकात येतात असं लोक म्हणतात. माझी ही एक आठवण गुडघ्यांत येते.

मी नागपूरची. आमच्याकडे पानं गळतात ती उन्हाळ्याची वर्दी द्यायला. फाल्गुनातला कोरडा वारा सुटतो, पिंपळ उघडा पडतो आणि घरोघरी कूलरला नवं खस बसवतात. इथली पानगळ उलट्या दिशेची. पानं आधी पेटल्यासारखी लाल होतात, लोक ती बघायला गाड्या काढून लांब लांब जातात, आणि मग एका पावसाळी रात्रीत सगळं जमिनीवर. पहिली काही वर्षं मला या रंगांचा थोडा रागच यायचा. एवढा थाटमाट, आणि तोही निरोपाचा!

चार वर्षांपूर्वीच्या पानगळीनं मात्र माझा तो राग कायमचा घालवला.

आमची टाउनशिप न्यू जर्सीत आहे. आयसेलिनची साड्यांची आणि दागिन्यांची दुकानं गाडीनं अर्ध्या तासावर. नाव सांगण्यात अर्थ नाही. शेजारच्या टाउनशिपमधल्या लोकांनाही ते दोनदा सांगावं लागतं. एक रेल्वे स्टेशन, एक लायब्ररी, दोन चर्च, एक डायनर, आणि त्या डायनरमध्ये सगळ्यांना 'हनी' म्हणणारी एक वेट्रेस. जुनी घरं इटालियन आणि पोलिश लोकांनी बांधलेली. नंतर फिलिपिनो नर्सेस आल्या, नंतर आम्ही: तेलुगू, गुजराती, आणि पुण्या-मुंबई-नागपूरचे चार-पाच. कुणाच्या अंगणात मेरीची मूर्ती, कुणाच्या दाराला आंब्याच्या पानांचं प्लॅस्टिकचं तोरण. हिवाळ्यात बर्फ उपसताना सगळे एकमेकांना हात करतात, पण हात करण्यापलीकडे फारसं काही नाही. वर्षानुवर्षं समोर राहणाऱ्या बाईंचं आडनाव मला त्यांच्या पत्रपेटीवरून माहीत होतं, तोंडून नाही.

सकाळची आठ-पाचची न्यूयॉर्कची गाडी सुटली की गाव रिकामं होतं. स्टेशनचं पार्किंग गाड्यांनी भरतं आणि रस्ते ओस पडतात. मागे उरतात म्हातारी माणसं, पाळण्यातली मुलं, कुत्री, आणि आमच्यासारख्या बायका, ज्यांच्या पासपोर्टवर नवऱ्याच्या व्हिसाची सावली असते. नागपुरात मी ज्युनिअर कॉलेजला केमिस्ट्री शिकवत होते. इथे मला नोकरी करायला कायद्यानं मनाई. सहा वर्षं झाली होती. प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायच्या शनिवारच्या पॉटलकला कुणी विचारायचं, "मग तू दिवसभर काय करतेस?" आणि मी आवाज आपोआप खाली आणून म्हणायची, "घरीच असते." त्या 'च'मध्ये माझी सहा वर्षं बसलेली होती.

सप्टेंबरची सुरुवात होती, शाळा नुकत्याच उघडल्या होत्या. रेवाला, म्हणजे माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला, स्कूल बसमध्ये बसवून मी परत येत होते. वाटेत आमच्या टाउनशिपच्या अँब्युलन्स पथकाची बैठी इमारत लागते. सगळे त्याला 'स्क्वॉड' म्हणतात. इथे पगारी माणूस एकही नाही, सगळे स्वयंसेवक. कित्येक पिढ्या हे असंच चाललेलं. त्या दिवशी इमारतीसमोर एक उंच, वाकलेला म्हातारा प्लायवुडच्या फळीवर ब्रशनं अक्षरं रंगवत होता. लाल रंगाचे ओघळ खाली आले होते. मी वाचलं आणि जागच्या जागी थांबले.

'हवीत: दिवसा घरी असणारी माणसं.'

मी ते पुन्हा वाचलं. ज्या गोष्टीची मला लाज वाटत होती, ती कुणीतरी पात्रता म्हणून रस्त्यावर मांडली होती.

"दिवसा घरी असतेस?" म्हाताऱ्यानं वर न बघता विचारलं.

"हो," मी म्हटलं. पहिल्यांदाच आवाज खाली गेला नाही.

त्याचं नाव वॉल्ट. वय त्र्याहत्तर. सगळी हयात याच गावात टपाल वाटण्यात गेलेली, त्यामुळे घरं तो नंबरावरून नाही, कुत्र्यांवरून ओळखायचा. रिटायर झाल्यावर तो स्क्वॉडचा कॅप्टन झाला होता. त्यानं मला पाच मिनिटांत सगळं सांगितलं. संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी माणसं मिळतात, पण दिवसा आता तो आणि शाळेच्या कॅफेटेरियात काम करणारी एक बाई, एवढेच उरलेत. टाउनशिप कौन्सिलनं बजावलं होतं: डिसेंबरच्या पहिल्या सभेपर्यंत दिवसपाळीला निदान दोन नवी, परीक्षा पास झालेली माणसं दाखवा. नाहीतर दिवसपाळी बंद. मग अँब्युलन्स शेजारच्या टाउनशिपमधून येईल.

"तिथून यायला किती वेळ लागतो?"

"रस्ता मोकळा असेल तर अठरा मिनिटं," वॉल्ट म्हणाला. मग ब्रश डब्यात बुडवून त्यानं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. माझी उंची पाच फूट, तीही मनापासून मोजली तर. "उचलता येतं का तुला काही?"

"शिकेन," मी म्हटलं.

घरी गेल्यावर आधी नितीनला फोन केला. माझा नवरा शांत माणूस, पण व्हिसाचं नाव निघालं की तो हातातलं काम टाकून उठतो. "अगं, काही प्रॉब्लेम नाही ना होणार? थांब, लॉयरला विचारतो." दोन दिवसांनी लॉयरचं उत्तर आलं. जिथे कुणालाच पगार मिळत नाही, तिथे मी खुशाल काम करू शकते. म्हणजे या देशात मला कमवायची परवानगी नव्हती, पण जीव वाचवायला कुणाची हरकत नव्हती. मी आणि नितीन त्यावर एवढे हसलो की सासूबाई आतून बाहेर आल्या.

सासूबाई, म्हणजे आमच्या आई, तेव्हा सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. वय एकाहत्तर. कपाळाला मोठं कुंकू, पायात लेकाने घेतलेले पांढरे स्नीकर्स. त्यांना हे पसंत पडणार नाही, हे मला माहीत होतं.

"काय करून राहिली तू हे?" त्या म्हणाल्या. "घरचं सोडून लोकायच्या गाडीवर जाशील? कोणाच्या उलट्या, कोणाचं रक्त. आपल्याकडे का कमी कामं आहेत?"

"आई, कुणीतरी करायला हवं ना."

"तं मग तूच काहून?"

 रेवा सोफ्यावरून म्हणाली, "आजी, बिकॉज शी इज होम!" आणि परत पुस्तकात डोकं घातलं.

अँब्युलन्सवरच्या कामाचा क्लास आठवड्यातून तीन संध्याकाळी आणि अख्खा शनिवार. पुस्तक एवढं जाड की रेवाची सायकल भिंतीला टेकवायला ठेवावं. शेवटच्या रांगेत एक ओळखीचा चेहरा दिसला, शिरीषा. आमच्या मागच्या गल्लीतली, विजयवाड्याची. तिची मुलगी रेवाच्या वर्गात होती. आम्ही दोन वर्षं बस स्टॉपवर शेजारी उभ्या राहून फक्त हवामानावर बोललो होतो. मला पाहून ती हसली. "यार, तुम भी वो बोर्ड देखके आयी?" मी मान हलवली आणि तिच्या शेजारची खुर्ची ओढली. त्यानंतर त्या अख्ख्या पानगळीत आम्ही हवामानावर एकदाही बोललो नाही.

तो ऋतू आता आठवला की सगळं एकमेकांत मिसळून समोर येतं. घरात फराळाचा वास आणि फ्रिजवर मानवी सांगाड्याचा तक्ता. चकल्या तळताना एक हात झाऱ्यावर आणि दुसऱ्या हाताची तीन बोटं स्वतःच्याच मनगटावर, नाडी मोजत. त्याच आठवड्यात हॅलोविन. सगळ्या गल्लीत लोकांनी अंगणात प्लॅस्टिकचे सांगाडे टांगलेले, खुर्च्यांत बसवलेले, झाडावर चढवलेले. मी आणि शिरीषा मुलींना बसमध्ये बसवून येताना प्रत्येक अंगणापाशी थांबून हाडं म्हणायचो. फीमर. टिबिया. फिब्युला. समोरच्या बाईंच्या सांगाड्याच्या तर बरगड्याच कमी निघाल्या. आम्ही दोघी बोटं दाखवून मोजतोय, हे पाहून त्या दार उघडून बाहेर आल्या.

"काही बिघडलंय का माझ्या सांगाड्याचं?"

"दोन बरगड्या कमी आहेत," शिरीषा गंभीरपणे म्हणाली.

आम्ही काय शिकतोय हे कळल्यावर त्यांनी आम्हाला आत बोलावलं आणि भोपळ्याच्या ब्रेडचे दोन जाड तुकडे दिले. सहा वर्षं समोर राहून मी त्या घरात पहिल्यांदा पाऊल टाकलं होतं, तेही सांगाड्याच्या बरगड्यांपायी!

उचलण्याचा प्रश्न मात्र गंभीर होता. स्ट्रेचरवर माणूस असताना ते गाडीत चढवायचं, तर पाठ सरळ हवी, जोर मांड्यांचा हवा आणि दोघांनी एका श्वासात उठायला हवं. पहिल्या दिवशी माझ्या बाजूनं स्ट्रेचर कलंडलं आणि त्यावरचा पुतळा वॉल्टच्या बुटांवर पडला. वॉल्टनं बूट झटकले. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "घरात जड काय आहे?"

घरात जड काय असणार? तांदूळ. मी वीस पौंडी बासमतीच्या चार पिशव्या आणल्या, शिरीषानं सोना मसुरीच्या चार. त्या आठ पिशव्या पट्ट्यांनी स्ट्रेचरला बांधून आम्ही रोज सकाळी स्क्वॉडच्या आवारात उचलायचो, ठेवायचो, उचलायचो. पानं आमच्या डोक्यावर पडत असायची. वॉल्ट खुर्ची टाकून बसायचा आणि आमची पाठ वाकली की काठीनं पत्र्याचा डबा वाजवायचा. कोणाचा तांदूळ जास्त जड, यावर आमची रोज भांडणं. दिवाळी उलटली तेव्हा आम्ही दहा पिशव्यांवर होतो.

आणि आई? त्या कधी वळल्या, ते नेमकं सांगता येणार नाही. एका दुपारी मी गालिच्यावर बसून उशीला पट्ट्या बांधत होते. मोडलेला हात कसा आधार देऊन बांधायचा, ते जमत नव्हतं. आई सोफ्यावरून बराच वेळ पाहत होत्या. मग उठल्या, पदर खोचला आणि सरळ गालिच्यावर आडव्या झाल्या.

"उशीले का दुखते? मले बांध. दुखलं तं सांगीन."

त्या दिवसापासून आई माझ्या पेशंट. रोज दुपारी जेवणं उरकली की त्यांचा नवा अपघात. कधी त्या जिन्यावरून पडायच्या, कधी त्यांना दम लागायचा, कधी मधमाशी चावायची. सुरुवातीला नुसत्या पडून राहायच्या, पण आठवड्याभरात त्यांना अभिनयाची गोडी लागली. मी विचारायची, "आजी, तुमचं नाव काय? आज वार कोणता? आत्ता तुम्ही कुठे आहात?" शुद्धीवर असलेला माणूस याची बरोबर उत्तरं देतो. आई डोळे मिटून म्हणायच्या, "नाव ना गाव. वार शनिवार." असायचा बुधवार. मग एक डोळा किलकिला करून बघायच्या, मी घाबरले की नाही ते. एकदा मी छातीत दुखण्याचे प्रश्न विचारायला विसरले, तर पेशंट उठून बसला. "अवो डॉक्टरीणबाई, छातीचं विचारलंच नाही. मी मेली असती ना बाप्पा!"

त्या दुपारी आम्ही दोघी गालिच्यावर बसून पोट धरून हसलो. लग्नाला बारा वर्षं झाली होती. आमच्यात भांडण कधी नव्हतं, पण असं हसणंही नव्हतं.

नोव्हेंबरचा दुसरा मंगळवार. परीक्षेला दोन आठवडे होते. छाती दाबून हृदय पुन्हा सुरू करायचं शिक्षण पूर्ण झालं होतं, म्हणून आम्हाला वॉल्टबरोबर गाडीवर जायची परवानगी होती. तोवर गेलो होतो ते साध्या कामांना: कुणी घसरलेलं, कुणाची साखर उतरलेली. त्या सकाळी आम्ही अँब्युलन्स धूत होतो. वॉल्टच्या पट्ट्याला अडकवलेला पेजर वाजला. तो ऐकता ऐकता वॉल्टचा चेहरा बदलला. "दोन गल्ल्या पलीकडे. माणूस कोसळलाय. श्वास नाही."

रस्त्याच्या कडेचे पानांचे ढीग ओढून नेणारा टाउनशिपचा ट्रक तिथे उभा होता. त्याचा जाड पाइप अजून घरघरत होता. टोनी नावाचा कामगार, पन्नाशीच्या आतला, पानांच्या ढिगात उताणा पडला होता. ओठ निळे. त्याचा सोबती नुसता "टोनी, टोनी" करत होता. वॉल्ट उतरला, गुडघा वाकवायला गेला आणि त्याचा चेहरा वेदनेनं पिळवटला. ते गुडघे पन्नास वर्षं जिने चढले होते, आता वाकत नव्हते. त्यानं माझ्याकडे पाहिलं. "तू."

मी गुडघे टेकले. दोन्ही हात टोनीच्या छातीवर ठेवून दाबलं आणि माझ्या हाताखाली काहीतरी चुकलं. छाती खाली गेली, पण तिच्याबरोबर सगळा टोनीच खाली गेला. माझा सगळा जोर पानं खात होती.

"याला इथून काढा!" मी ओरडले. कुठल्या भाषेत, ते मला आजही सांगता येत नाही. पण शिरीषानं एक खांदा धरला, मी दुसरा, टोनीच्या सोबत्यानं पाय. दहा पिशव्यांच्या सरावानं आम्ही त्याला एका श्वासात उचलून डांबरी रस्त्यावर आणलं. आता छाती दाबली तशी खाली गेली आणि उसळून वर आली. मी मोजायला लागले. क्लासमध्ये सगळं इंग्रजीत मोजलं होतं, पण तोंडातून आलं ते, "एक, दोन, तीन, चार..." तिसापर्यंत. मग शिरीषानं तोंडावर मास्क धरून फुगा दाबला, दोन श्वास. पुन्हा एक, दोन, तीन. वॉल्टनं उभ्यानंच शॉक देणारं यंत्र उघडून आमच्याकडे सरकवलं. टोनीची छाती घामानं ओली होती. शिरीषानं गळ्यातली ओढणी काढून ती खसाखसा पुसली आणि पॅड चिकटवले. यंत्र म्हणालं, बाजूला व्हा. आम्ही बाजूला झालो. टोनीचं अंग उडालं.

काही नाही. पुन्हा एक, दोन, तीन. माझ्या गुडघ्याखाली खडी होती. घाम डोळ्यांत उतरत होता. तोवर एक पोलीस येऊन पोचला होता आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या घरांतून माणसं बाहेर आली होती: नाइट गाउनवर कोट घातलेली, काठी टेकत आलेली, कडेवर बाळ घेतलेली. दिवसा घरी असणारं माझं सगळं गाव.  दुसरा शॉक. पुन्हा बावीस, तेवीस, चोवीस... आणि टोनी खोकला.

मी नाडीवर बोटं ठेवली. चकल्या तळताना जिला रोज शोधत होते, ती तिथे होती. मंद, पण होती.

मागून हॉस्पिटलची पॅरामेडिक मंडळी आली, पोलिसानं आमची गाडी चालवायला घेतली आणि टोनीला घेऊन सगळे गेले. मी उठायला गेले तर उठता येईना. दोन्ही गुडघ्यांवर पँट फाटून खडे रुतले होते. कुणीतरी माझ्या काखेत हात घालून मला उभं केलं. समोरच्या बाई होत्या त्या, बरगड्या कमी असलेल्या सांगाड्याच्या. "चल," एवढंच म्हणाल्या आणि मला धरून घरापर्यंत आल्या.

दारात आई. माझी अवस्था बघून त्यांच्या हातातली परात खाली पडली. मी म्हटलं, "आई, तो जगला."  त्यांनी मला खुर्चीत बसवलं, कोमट पाणी आणलं आणि स्वतः जमिनीवर बसून माझ्या गुडघ्यांतला एकेक खडा चिमटीनं काढला. सगळे काढून झाल्यावर हळद लावली. सासूनं सुनेच्या पायाशी बसायचं नसतं, असं मी म्हणाले. त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "पेशंटनं बोलायचं नसते."

परीक्षा कॉम्प्युटरवर. ती किती प्रश्नांनी संपेल, ते यंत्रच ठरवतं. अगदी उत्तम चाललं असेल तर लवकर संपते, बरंच वाईट चाललं असेल तरीही लवकर संपते. माझी फार लवकर संपली. स्क्रीन काळी झाली आणि मी पार्किंगमध्ये गाडीत बसून रडले. शिरीषाची माझ्या आधीच संपली होती. ती शेजारच्या गाडीत रडत होती. दुसऱ्या दिवशी निकाल. शिरीषाचा फोन आला तेव्हा मी भाकरी थापत होते. ती तेलुगूत किंचाळत होती. मला एक अक्षर कळलं नाही आणि सगळं कळलं. पिठाच्या हातानं मी माझा निकाल उघडला.

पास. दोघीही पास.

डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी संध्याकाळी कौन्सिलची सभा. एरवी तिथे दहा माणसं असतात म्हणे. त्या दिवशी भिंतीला टेकून लोक उभे होते. तिथे कुणालाही माइकवर तीन मिनिटं बोलता येतं.  वॉल्ट कागद चुरगाळत उभा राहिला आणि "ही माझी दिवसपाळी," असं म्हणून आम्हा दोघींकडे बोट दाखवून खाली बसला. मी उठले. बरंच पाठ करून गेले होते, ते सगळं विसरले. "मी केमिस्ट्रीची टीचर आहे," मी म्हटलं. "सहा वर्षं मी या गावात राहते. गेल्या तीन महिन्यांत मी इथल्या जेवढ्या घरांत गेले, तेवढ्या घरांत त्याआधी सहा वर्षांत गेले नव्हते. आम्ही दोघी तयार आहोत. उद्या सकाळी आठ वाजल्यापासून."

माझ्यानंतर एक बुटकी, लाल कोटातली बाई माइकपाशी गेली. तिला मी ओळखत नव्हते. "मी टोनीची बायको," ती म्हणाली. "आज सकाळी मी शेजारच्या टाउनशिपच्या अँब्युलन्सपासून टोनी पडला होता त्या जागेपर्यंत गाडी चालवत आले. अठरा मिनिटं लागली. या दोघींना तीन लागली होती. मला एवढंच सांगायचंय." तिला मिळालेल्या वेळातला निम्मा वेळही तिनं वापरला नव्हता. पण त्यानंतर कुणीच माइककडे गेलं नाही.

कौन्सिलच्या पाच सदस्यांचे पाच हात वर गेले. सभागृह उठून उभं राहिलं. टाळ्या कुठून सुरू झाल्या ते कळलं नाही, पण माझ्या मागच्या रांगेत आई उभ्या होत्या, पांढऱ्या स्नीकर्समध्ये, आणि त्यांच्या शेजारी समोरच्या बाई, आणि दोघी एकमेकींचे हात धरून हलवत होत्या.

आज त्या दिवसपाळीच्या यादीत अकरा नावं आहेत. एक फिलिपिनो आजोबा आहेत, एक बंगाली सून, रात्रपाळीहून येऊन दिवसा जागा राहणारा एक बेकरीवाला. मला नंतर कामाची परवानगी मिळाली. आता मी हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत पगारी काम करते आणि नर्सिंग शिकते. मंगळवार मात्र अजून स्क्वॉडचा. वॉल्ट आता काठी टेकत चालतो, तरी खुर्ची टाकून बसतोच. टोनी त्या वसंतात कामावर परतला. मध्येच कधीतरी आमच्या घरासमोर ट्रक हळू करतो, हॉर्न देतो आणि ओरडतो, "एक! दोन! तीन!" मराठीत.

पण त्या ऋतूचा शेवट म्हणून माझ्या मनात राहिला आहे तो सभेनंतरचा शनिवार. डिसेंबरच्या सुरुवातीला आमच्या गावात रोषणाईची मिरवणूक निघते. शाळेचा बँड, बंब, सजवलेले ट्रक, सगळे मेन स्ट्रीटवरून जातात. झाडं तोवर पूर्ण उघडी झालेली, आणि प्रत्येक फांदीला दिवे. वॉल्टनं गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवली. "तू चालव." मी म्हटलं, "आणि तू?" तो मागे बसला, शिरीषा आणि दोन्ही मुलींसोबत. पुढच्या सीटवर आई, शालीवर शाल, डोक्याला रेवाची गुलाबी लोकरी टोपी. नितीन फुटपाथवर पळत पळत फोटो काढत होता. दोन्ही बाजूंना माणसं हात हलवत होती आणि आई राणीसारखा हात हलवून उत्तर देत होत्या. रेवा मागच्या खिडकीतून ओरडत होती, "दॅट्स माय आई! शी इज ड्रायव्हिंग!" एरवी ती मला मॉम म्हणते.

डायनरपाशी गर्दी सगळ्यात दाट होती. लोक ओरडायला लागले, वाजव, वाजव. मी वॉल्टकडे आरशातून पाहिलं. नियमानं पेशंट असल्याशिवाय सायरन वाजवायचा नसतो. वॉल्टनं खिडकीबाहेर बघायचं नाटक केलं.

"वाजव ना बाप्पा," आई म्हणाल्या. "कोणाले भीती आहे?"

त्या संध्याकाळी आमच्या गावात कुणीही आजारी नव्हतं. मी बटण दाबलं आणि मेन स्ट्रीट संपेपर्यंत दाबूनच ठेवलं.